साडूची साखळी

साडूचा फोटो आला तेव्हा कॅशियरसाहेब बँकेच्या मागच्या खोलीत डबा खात बसले होते, आणि घास घशाशी अडकतो म्हणजे नेमका कुठे अडकतो हे त्यांना त्या दुपारी कळलं. फोटोत साडू व्यासपीठावर उभा होता. गालाला चिकटवलेला बारीकसा माइक, एक हात खिशात आणि दुसरा हवेत, जणू व्याजाचे दर तो वरून तोडूनच आणतोय. मागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वित्तीय संस्थांसाठी विश्वासाचं नवं जाळं'. घरच्या ग्रुपवर सदतीस जणांनी तोवर टाळ्या वाजवल्या होत्या. अडतिसावी टाळी कॅशियरसाहेबांच्या डोळ्यांदेखत आली. ती त्यांच्या बायकोची होती.

साडू गाद्या विकायचा. त्यात कमीपणा काही नाही, राजालाही शेवटी गादीच लागते. पण अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण ज्याच्या धंद्याचीच पाटी असायला हवी, त्याने असे पाय पसरावेत? बँक म्हणजे काय हे या माणसाला फक्त काउंटरच्या बाहेरून ठाऊक. भरणा पावतीवर आकड्यात कुठे लिहायचं आणि अक्षरी कुठे, हे कॅशियरसाहेबांनी त्याला तीनदा समजावलं होतं, आणि चौथ्या वेळी मागची रांग कुरकुरायला लागली म्हणून स्वतःच भरून दिलं होतं. कॅशियरसाहेबांची बँकेत एकतीस वर्षं झाली होती. आणि बँकांना विश्वास शिकवायला निघालं कोण, तर हे. साडूला ते तोंडावर 'तुम्ही' म्हणत आणि मनात 'तू'. त्या दिवसापासून मनातल्या 'तू'ला जरा धारच आली.

संध्याकाळी त्यांनी, आपल्याला त्याचं काही नाही अशा बेताच्या आवाजात, बायकोकडे विषय काढला. बायको शिवणकाम करायची. एका फ्रॉकला बटणं लावता लावता तिने सगळं सांगितलं, कारण तिला ते धाकट्या बहिणीकडून फोनवर तीनदा ऐकायला मिळालं होतं. एक ब्लॉकचेन नेटवर्क आहे. म्हणजे एक वही, तिची प्रत एकाच वेळी हजारो लोकांच्या कॉम्प्युटरवर असते, आणि तिच्यात एकदा नोंद पडली की ती कुणालाही खोडता येत नाही. या नेटवर्कची नाणी ज्यांच्याकडे आहेत त्यांचा मिळून एक समुदाय. समुदायाचा एक सामायिक निधी. बँका, विमा कंपन्या असल्या मंडळींना जो हे नेटवर्क पटवून देईल त्याला या निधीतून खर्च मिळतो, वर मानधनही. अर्ज कुणीही करावा, समुदायाने मतं द्यावीत. धाकटीच्या यजमानांनी दोन महिन्यांपूर्वी केला, त्यांना मिळाला. त्यांच्या कार्डावर आता 'वित्तीय संपर्क दूत' असं छापलंय.

"कुणीही?" कॅशियरसाहेबांनी विचारलं.

"कुणीही," बायको म्हणाली, आणि तिने दोरा दातांनी तोडला.

कॅशियरसाहेबांनी अर्ज करायचं ठरवलं ते समुदायाच्या भल्यासाठी. असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि स्वतःला सांगितलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवण्याची त्यांची जुनी सवय होती.

तळमजल्यावर एक निवृत्त नोंदणी कारकून राहत. सगळे त्यांना नोंदणीकाका म्हणत. उभ्या आयुष्यात त्यांनी एकही अर्ज पहिल्या फेरीत मंजूर होऊ दिला नव्हता, त्यामुळे अर्ज कसा करावा हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचं मत असं की अर्जात काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही, मागे किती कागद जोडलेत ते बघतात. त्यांनी चौदा कागद सांगितले. चारित्र्याचा दाखला, अनुभवाचा दाखला, आणि हे दोन्ही दाखले एकाच माणसाचे असल्याचा दाखला. कॅशियरसाहेबांनी तीन आठवड्यांत चौदाच्या चौदा गोळा केले. मग कळलं की समुदायाच्या वेबसाइटवर कागद जोडायची सोयच नाही. काका म्हणाले, हीच तर त्यांची मेख आहे.

दुसऱ्या मजल्यावर दाताचे डॉक्टर होते. त्यांनी चार वर्षांपूर्वी निरनिराळ्या नेटवर्कची नाणी घेतली होती, आणि तेव्हापासून, त्यांच्याच निदानाप्रमाणे, ते झोपेत दात खायचे. वॉलेट, म्हणजे नाणी ठेवायचं फोनमधलं पाकीट, ज्याच्याशिवाय वेबसाइटवर अर्जच करता येत नाही, ते कसं काढायचं हे त्यांना येत होतं, पण वेळ फक्त दवाखान्यात मिळायचा. त्यामुळे कॅशियरसाहेबांनी हे शिक्षण एका उघड्या तोंडावरून पलीकडे बघत घेतलं. तोंडाचे मालक आळीपाळीने दोघांकडे डोळे फिरवत आणि मध्येच काहीतरी विचारत. ते काय विचारतायत हे कुणाला कळत नसे.

डॉक्टरांनी सांगितलं की वॉलेट उघडलं की चोवीस शब्द मिळतात. फोन हरवला, पासवर्ड विसरला, तर या चोवीस शब्दांनीच वॉलेट परत मिळतं. ते गेले की सगळं गेलं. कुणाला सांगू नका, कुठे विसरू नका. हे ऐकून कॅशियरसाहेबांना पहिल्यांदाच या नव्या जगात घरच्यासारखं वाटलं. हे तर त्यांचं रोजचं काम. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन माणसांकडे, आणि दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. त्यांनी घरी येऊन दोन कार्डं केली. पहिले बारा शब्द स्वतःच्या चष्म्याच्या घरात ठेवले, पुढचे बारा बायकोच्या पर्समध्ये, आणि बायकोची पोच म्हणून वहीत सही घेतली. बायकोने सही करता करता विचारलं, म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही का. कॅशियरसाहेब म्हणाले की प्रश्न विश्वासाचा नाही, विश्वास असला तरी दोन किल्ल्या लागतात. बायको म्हणाली, हे लग्नाआधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.

या समुदायाला ऑफिस नाही, साहेब नाही, शिपाई नाही, हेच त्याचं थोरपण, असं वेबसाइटवर पानोपानी लिहिलेलं होतं. कॅशियरसाहेबांना पुढच्या दोन महिन्यांत कळलं की साहेब नसला की प्रत्येकजणच साहेब असतो. अर्जाचे तीन भाग होते: प्रभाव, व्यवहार्यता, पारदर्शकता. त्यांनी 'वरील विषयास अनुसरून' अशी सुरुवात करून प्रभावावरच नऊ पानं लिहिली. मग परीक्षक आले. परीक्षक म्हणजे समुदायातलेच कुणीतरी, खऱ्या नावाने कुणीच नाही. त्यांच्यात एक घुबडाचा फोटो लावलेला होता, नाव 'घुबड ४७'. या घुबडाने अर्जाला पाचपैकी दोन चांदण्या दिल्या आणि खाली लिहिलं, 'अर्जदाराला अनुभव भरपूर आहे. उत्साह कुठे आहे?'

एकतीस वर्षांत कॅशियरसाहेबांना कुणी दोन चांदण्या दिल्या नव्हत्या. त्यांनी त्याच दिवशी उत्तर धाडलं. 'संदर्भ: आपली दोन चांदण्यांची टिप्पणी.' त्यात त्यांनी कळवलं की उत्साह हा कॅशियरचा गुण नसून दोष आहे, उत्साही कॅशियरचा हिशेब संध्याकाळी कधीच जुळत नाही, आणि आपण हे लेखी देण्यास तयार आहोत. घुबडाने उत्तरादाखल डोळे मिटलेल्या घुबडाचं चित्र पाठवलं.

उत्साह दाखवायचा तर एक मिनिटाचा व्हिडिओ हवा, असं डॉक्टर म्हणाले. साडूच्या व्हिडिओत साडू एका उंच इमारतीच्या गच्चीवरून चालत चालत बोलत होता, आणि चालताना त्याचे नवे बूट दिसावेत अशी कुणीतरी काळजी घेतली होती. कॅशियरसाहेबांनी तो व्हिडिओ अठरा वेळा पाहिला. केवळ अभ्यासासाठी. त्यांच्या इमारतीत उजेड सगळ्यात चांगला दवाखान्यात, म्हणून चित्रीकरण तिथे झालं. टाय घालून ते दातांच्या खुर्चीत बसले, डॉक्टरांनी वरचा दिवा त्यांच्या तोंडावर आणला, आणि मिचमिचे डोळे करून, खुर्चीचे हात घट्ट धरून ते म्हणाले, 'वित्तीय संस्थांनी घाबरून जायचं कारण नाही.' मागच्या भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं रंगीत चित्र होतं. ते तिथे आहे हे त्या दोघांच्या लक्षात आलं नाही. समुदायाच्या आलं.

तरीही मतं पडत होती, चिल्लर पडावी तशी थोडी थोडी. आणि नेमकी त्याच वेळी बातमी आली की साडूनेही दुसऱ्यांदा अर्ज केलाय, त्याच विभागात, आणि निधी आता एकालाच पुरेल एवढा उरलाय. कॅशियरसाहेबांच्या छातीत एक प्रकारचा आनंदच झाला. आता सरळ सामना. आता दिसेल.

दिसलं ते असं. साडूने कॅशियरसाहेबांच्या अर्जाखाली, खऱ्या नावाने, स्वतःच्या फोटोसकट लिहिलं: 'हे माझे मोठे साडू. बँकेची भरणा पावती भरायला मी यांच्याकडून शिकलो. असा माणूस शोधून सापडणार नाही. मला मत दिलं नाहीत तरी चालेल, यांना जरूर द्या.' त्याला दोनशे लोकांनी बदाम दिले, आणि इतक्या मोठ्या मनाच्या माणसाला मत द्यायलाच हवं म्हणून साडूची मतं एका दुपारीत दुप्पट झाली. बायको म्हणाली, बघा, किती चांगलं लिहिलंय. कॅशियरसाहेब म्हणाले, हो, लिहिलंय खरं. शत्रूने धोंडा मारला तर निदान तो परत फेकता येतो. फूल मारलं तर माणसाने काय करावं?

त्यानंतर त्यांना दुसरं काही दिसेना. काउंटरवर बसून ते फोन ड्रॉवरमध्ये उघडा ठेवत आणि दर दोन ग्राहकांनंतर ड्रॉवर ओढून साडूची मतं बघत. कौटुंबिक भेटीत त्यांनी पाहिलं की साडू आता प्रश्नाचं उत्तर देण्याआधी क्षणभर थांबतो आणि 'हं' म्हणतो. हे 'हं' कुठून आणलं? गाद्या विकताना तर नव्हतं. घरी त्यांनी स्वतः ते एकदा करून पाहिलं. बायकोने विचारलं, घसा धरलाय का.

आणि मग एका रविवारी सकाळी, बायको भाजीला गेलेली असताना, त्यांच्या हातून ते घडलं.

त्यांनी वेबसाइटवर 'जागरूक सभासद' असं दुसरं नाव घेतलं आणि साडूच्या अर्जाखाली लिहिलं: 'प्रस्तावकाने गेल्या आठ महिन्यांत समुदायाच्या पैशातून किती वित्तीय संस्थांना नेटवर्क पटवून दिलं? एकही नाव दिसत नाही. गाद्या विकणं वेगळं आणि बँकेशी बोलणं वेगळं.' बटण दाबलं. चहा केला, नेहमीपेक्षा एक चमचा साखर जास्त घातली, आणि खिडकीत उभं राहून तो सावकाश प्यायले. हे सुख सात मिनिटं टिकलं.

आठव्या मिनिटाला घुबडाने लिहिलं, 'जागरूक सभासद आणि दातांच्या खुर्चीतले अर्जदार यांच्या वॉलेटचा पत्ता एकच आहे. कुणीही तपासून पाहावं.'

कॅशियरसाहेबांनी नाव बदललं होतं, वॉलेट तेच होतं. निनावी पत्र लिहून खाली स्वतःचा शिक्का मारावा तसं झालं होतं. त्यांनी खोडायचं बटण शोधलं. अशा वहीत ते नसतंच, हे त्यांना बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते डॉक्टरांच्या घरी धावले. डॉक्टरांनी दारातूनच सांगितलं, एकदा चढलं ते चढलं. मग नोंदणीकाकांकडे. काकांनी शांतपणे विचार करून सांगितलं की सक्षम अधिकाऱ्याकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. सक्षम अधिकारी कोण, हे मात्र त्यांना सांगता येईना. एकतीस वर्षं ज्यांनी झाडून सगळ्या साहेबांच्या नावाने बोटं मोडली, त्या कॅशियरसाहेबांना त्या सकाळी कुठलातरी एक साहेब असावा, त्याची केबिन असावी, आणि त्या केबिनबाहेरच्या बाकावर आपण दोन तास बसावं, अशी ओढ लागली. वर येऊन त्यांनी घाईघाईत वॉलेटचा पिन घातला, तो चुकला, पुन्हा घातला, पुन्हा चुकला, आणि तिसऱ्यांदा चुकल्यावर वॉलेट बंद पडलं. फोन म्हणाला, चोवीस शब्द घाला.

बायको भाजी घेऊन आली ती सगळं कळूनच. धाकटीने तिला बाजारातच फोन केला होता. तिने भाजी निवडली, भांड्यात ठेवली, हात पुसले. तिने आवाज चढवला असता तर कॅशियरसाहेबांना सोपं गेलं असतं. तिने कपाटातून लहान बॅग काढली.

"मी चार दिवस धाकटीकडे जाते," ती म्हणाली. "आपल्या घरातून कुणीतरी तिथे तोंड दाखवायला हवं."

तिच्याबरोबर तिची पर्स गेली आणि पर्सबरोबर बारा शब्द गेले, हे कॅशियरसाहेबांच्या दोन तासांनी लक्षात आलं.

पुढचे दोन दिवस त्यांनी एकट्याने काढले. बँकेत कुणी काही बोललं नाही, पण शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी त्यांना स्वतःच्या डब्यातलं विचारलं, त्यावरून बातमी पोचल्याचं समजलं. त्यांना राहून राहून एकच गोष्ट खात होती. आपण साडूबद्दल वाईट विचार केला याचं त्यांना तितकं वाईट वाटत नव्हतं, तो तर ते सहा महिने करत होते. वाईट याचं वाटत होतं की आता तो विचार हजारो कॉम्प्युटरांवर त्यांच्या सहीने पडून होता, आणि पहिल्यांदाच त्यांना तो स्वतःला वाचावा लागत होता.

मंगळवारी अर्धी रजा टाकून ते साडूच्या घरी गेले. खाली दुकान, वर घर. जिना चढताना त्यांनी चपलांच्या स्टँडवरचे ते नवे बूट पाहिले. जवळून ते तेवढे नवे नव्हते, एकाचा तळवा सुटायला आला होता. दार अर्धवट उघडं होतं. त्यांनी बेल वाजवण्यासाठी हात उचलला आणि तसाच ठेवला.

आत पाच खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या, आणि प्रत्येक खुर्चीत एकेक उशी बसवली होती. सहाव्या खुर्चीत कॅशियरसाहेबांची बायको, चष्मा नाकाच्या टोकावर, हातात तिची शिवणाची पट्टी. समोर साडू उभा. वर कोट आणि टाय, खाली पायजमा.

बायकोने पट्टी हातावर आपटून विचारलं की तुमच्या वहीत नोंद खोडता येत नाही म्हणता, मग चुकीची नोंद पडली तर आमच्या संस्थेने काय करायचं. साडू क्षणभर थांबला, 'हं' म्हणाला, आणि मग काहीच म्हणाला नाही. कॅशियरसाहेबांना दारातून दिसलं की त्या 'हं'च्या मागे काही नसतं. तो माणूस फक्त घाबरलेला असतो.

"ताई, हा प्रश्न सोडून द्या ना," साडू म्हणाला.

बायको म्हणाली की उद्या त्या अध्यक्षा बाई सोडणार आहेत का. साडू एका उशीला बाजूला सारून खुर्चीत बसला, टाय सैल केला आणि बोलू लागला. आठ महिन्यांत तो अकरा बँकांत गेला होता. नऊ ठिकाणी दारावरच्या रखवालदारापुढे गेला नाही. दोन ठिकाणी आत घेतलं, कारण त्यांना वाटलं कर्ज मागायला आलाय. तो व्यासपीठावरचा फोटो समुदायाच्याच मेळाव्यातला होता, समोर बसलेल्या प्रत्येकाला नेटवर्क आधीच पटलेलं होतं. उद्या पहिल्यांदाच एका गृहकर्ज देणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षा बाईंनी दहा मिनिटं दिली होती.

"साडूभाऊंनी लिहिलं ते खोटं नाही," तो म्हणाला. "एकही नाव नाही. गाद्यांचं मला कळतं. झोपून बघा म्हटलं की गिऱ्हाईक झोपतं. बँकेला कशावर झोपवू?"

कॅशियरसाहेबांना आनंद झाला. तो लपवण्यात अर्थ नाही, झाला. चारेक सेकंद झाला. मग मात्र तो ओसरला. इतके महिने ज्या घरावर डोळा ठेवून ते बाहेर उन्हात उभे होते, ते घर आतून रिकामंच होतं, आणि त्यांच्या मेहुणीच्या नवऱ्याला त्या रिकाम्या घरात उश्यांपुढे घाम फुटत होता. पण त्यांच्या तोंडून जे निघालं ते या भावनेतून नव्हे. ते एकतीस वर्षांच्या सवयीतून निघालं, कारण बँकेबद्दलचा प्रश्न अनुत्तरित राहिलेला त्यांना सोसत नसे.

"खोडायची नसतेच," ते दारातून म्हणाले.

दोघं वळली. स्वयंपाकघराच्या दारात मेहुणीही येऊन उभी राहिली होती.

"आमच्याकडेसुद्धा खोडत नाहीत," ते म्हणाले. "चुकीची नोंद आहे तशी ठेवायची. तिच्या खाली दुरुस्तीची दुसरी नोंद करायची. म्हणजे चूक झाली हेही दिसतं, आणि नीट केली हेही दिसतं. खाली सही करायची."

बायकोने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "सही कुणाची?"

"ज्याची चूक त्याची."

तिने पर्स उघडून कार्ड काढलं. कॅशियरसाहेबांनी चष्म्याच्या घरातून आपलं काढलं. मेहुणीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवून, बायकोने वाचायचं आणि त्यांनी घालायचं असं करत, चोवीस शब्दांनी वॉलेट उघडलं. साडू म्हणत होता की राहू द्या, कशाला, झालं गेलं. कॅशियरसाहेबांनी लिहिलं: 'वरची नोंद माझी आहे. किती संस्था झाल्या हा प्रश्न रास्त आहे आणि तो मी माझ्या नावाने विचारायला हवा होता. गाद्यांबद्दलचं वाक्य मी हेव्यापोटी लिहिलं. आपला विश्वासू,' आणि खाली नाव, हुद्दा, तारीख.

हे वाचून समुदायाने बदामांचा सडा घातला. घुबडाने लिहिलं की उत्साह नाही, पण पाच चांदण्या. मतदान त्याच संध्याकाळी संपलं, आणि दोघंही पडले. बँकवाल्यांना ब्लॉकचेन समजावणारी कार्टून फिल्म काढण्याचा एक तिसराच प्रस्ताव निवडून आला. प्रस्ताव कुणाचा, म्हणून साडूने वेबसाइटच्या पानावर खाली जाऊन पाहिलं. घुबड ४७. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ ही गोष्ट ज्यांनी शाळेत पाठ केली होती, त्या दोन्ही साडूंनी एकमेकांकडे पाहिलं.

अध्यक्षा बाईंची वेळ मात्र आधीच ठरलेली होती, पहिल्या निधीचा शेवटचा अहवालही द्यायचा होता. साडू म्हणाला, तुम्ही चला बरोबर. फक्त बसा शेजारी, मला धीर येईल.

बुधवारी अकराला ते संस्थेच्या सहाव्या मजल्यावर होते. लांबलचक काचेचं टेबल, पलीकडे साठीच्या अध्यक्षा बाई, पुढ्यात घड्याळ काढून ठेवलेलं. साडूचा लॅपटॉप तिथल्या पडद्याला जोडला जाईना, तेव्हा तो तोंडीच बोलला आणि खरं तर बरा बोलला. चार मिनिटं झाल्यावर बाईंनी विचारलं, नोंद चुकली तर काय.

साडूने उत्तर रात्रीतून घोटून पाठ केलं होतं. तो क्षणभर थांबला, 'हं' म्हणाला, आणि त्या 'हं'च्या फटीतून कॅशियरसाहेब आत शिरले. त्यांना शिरायचं नव्हतं. पण बाईंनी त्यांच्या उत्तरावर मान हलवून विचारलं, तुम्ही काउंटरवर बसता का, आणि सांगितलं की त्यांची स्वतःची पहिली नोकरी रोखीच्या काउंटरवरच होती. मग घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही. फाटक्या नोटा, ओल्या नोटा, सही विसरणारे ग्राहक, दुसऱ्याची सही करून दाखवणारे ग्राहक, हिशेब न जुळलेल्या संध्याकाळी, असं चाळीस मिनिटं चाललं. साडू पाण्याचा ग्लास गोल गोल फिरवत होता. मध्ये एकदा त्याने 'आमच्या नेटवर्कमध्ये सुद्धा' अशी सुरुवात केली. दोघांनी अदबीने त्याच्याकडे पाहिलं, आणि दोघं पुन्हा नोटांवर आली.

शेवटी बाई म्हणाल्या की हे नेटवर्क त्यांच्या संस्थेला सध्या नको. पण त्यांच्याकडे यंदा बरेच नवे कॅशियर भरती झालेत, त्यांना असं कुणीतरी शिकवायला हवं. शनिवारी सुट्टीच्या दिवशी याल का? त्यांनी आपलं कार्ड कॅशियरसाहेबांच्या हातात दिलं. साडूनेही हात पुढे केला होता. डबीत तेवढं एकच कार्ड उरलं होतं.

लिफ्टमध्ये दोघंच होते. लिफ्टला मागे आरसा होता. चौथा मजला गेला.

"उत्तर मी देणार होतो," साडू म्हणाला.

कॅशियरसाहेब म्हणाले की हो, ते खरंच आहे, चुकलंच.

"आणि तुम्ही जरा जास्तच बोललात, साडूभाऊ."

कॅशियरसाहेबांनी आरशात पाहिलं. साडूचे ओठ आवळलेले होते, नजर मजल्यांच्या आकड्यांवर, आणि गालाजवळ एक बारीक शीर उडत होती. तो चेहरा त्यांच्या फार ओळखीचा होता. गेले सहा महिने रोज सकाळी ते त्याच चेहऱ्याची दाढी करत होते.

आता माणसाचं मन कसं असतं ते बघा. त्यांना साडूची दया आली, अगदी मनापासून आली, आणि ती दया इतकी गोड लागली की तळमजला येईपर्यंत त्यांनी ती संपू दिली नाही. दार उघडताना त्यांनी साडूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे सगळं तुमच्यामुळे झालं हो. तुमच्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही." ते फूल नेमकं कुठे लागलं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

साडूने त्याच दुपारी समुदायाकडे शेवटचा अहवाल भरला. कॅशियरसाहेबांनी तो दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत फोनवर उघडला. 'भेट दिलेल्या संस्था: बारा. बोलणं झालेली संस्था: एक. निष्पत्ती: संस्थेने नेटवर्क घेतलं नाही, माझे साडू ठेवून घेतले.' आणि त्याच्याखाली, थोडी जागा सोडून, विचार करून मग न राहवून घातल्यासारखं एकच वाक्य होतं: 'सोबत आलेले गृहस्थ विचारलं नसताना बोलले, याची समुदायाने नोंद घ्यावी.'

कॅशियरसाहेबांनी ते वाक्य तीनदा वाचलं. संध्याकाळी घरी बायकोने, एवढं काय हसताय म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "काही नाही. साडूंचा अहवाल वाचतोय. फार छान लिहिलाय."